एकास बारा

एक लिटर इथेनॉलमागे बारा लिटर विन्यासा.
हे गणित आमच्या गावात शाळेआधीच शिकतात,
नाकाने.

काळपट तपकिरी, काहिलीच्या तळाशी करपलेल्या पाकासारखी,
आणि वास असा, की कॉफीच्या कपात कुणी पाव बुडवून विसरलं
आणि आठवड्याने आठवलं.
मी तिचा टँकर चालवते. ग्लेइसी, रात्रपाळी,
साओ पाउलोच्या समुद्रापासून आठ तास आत,
जिथे क्षितिजसुद्धा उसाचंच आहे.

वडील सांगतात, तेव्हा टँकर नव्हते.
एक पाइप होता, आणि पाइपाच्या तोंडाशी नदी.
गाळप सुरू झालं की तिसऱ्या दिवशी
दोराडो मासे पोटं वर करून यायचे, सोनेरी, थवेच्या थवे.
बायका टोपल्या घेऊन धावायच्या,
आणि काठावर थबकायच्या.
एवढा मासा, पण खाण्याजोगा एकही नाही.
त्या वर्षी वडिलांनी जाळं विकलं.
घेणाऱ्याने ते फुटबॉलच्या गोलाला लावलं.

तीन वर्षांपूर्वी कारखानाच बंद पडायला आला.
पंपावर पेट्रोल उतरलं, आमचं इथेनॉल महाग ठरलं.
हिशेबनीस ओर्लेई कागद घेऊन बसले:
ऊस, तोडणी, खत, डिझेल, पगार.
पगाराखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.
तेव्हा प्रयोगशाळेतल्या दोना झेनाइदे,
रबरी बूट तसेच चिखलाचे,
म्हणाल्या, "उरलेलं कुठल्या रकान्यात आहे?"
"उरलेलं म्हणजे?"
"चिपाड. राख. गाळ. विन्यासा."
"तो खर्च आहे, दोना झेनाइदे."
"तो पत्ता चुकलेला माल आहे."

कोंड्याचा मांडा करणं बोलायला सोपं.
पहिलं वर्ष नुसतं गळतीचं गेलं.
आता माझ्या फ्रीजमधलं दूध
उसाच्या चिपाडावर गार राहतं;
यीस्ट वाळवून पोत्यांत भरतात, कोंबड्यांसाठी
(कोंबड्या झिंगत नाहीत, मी विचारून घेतलंय).
विन्यासा आधी झाकल्या तळ्यात मुरते.
त्यावरचं काळं छत रात्री फुगतं,
जेवून निजलेल्या माणसाच्या पोटासारखं,
आणि त्या गॅसवर माझा टँकर धावतो.
म्हणजे ती स्वतःच स्वतःला वाहून नेते.
मी फक्त गिअर टाकते.
पुढे फडात तिचं पोटॅश होतं,
जे पूर्वी जहाजातून यायचं, डॉलर मोजून.

लिटरमागे एकोणीस सेंटाव्हो.
एवढाच फरक पडला.
एकोणीस सेंटाव्होत चिंगमसुद्धा येत नाही.
ओर्लेईंनी त्या दोन रेघा खोडल्या,
पण कागद तिथे अजून खरवडलेला आहे.

दोना झेनाइदे दर महिन्याला विहिरींचं पाणी बाटल्यांत भरतात.
"फुकट आहे म्हणून ओतत सुटू नकोस," मला बजावतात,
"जमिनीलाही अजीर्ण होतं."

गेल्या रविवारी वडील केबिनमध्ये येऊन बसले.
फडाच्या टोकाशी उतरले,
व्हॉल्व्हखाली बोट धरलं, हुंगलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"म्हणजे हिला मोल होतं. तेव्हाही."
"हो."
"मग नदीत सोडणं स्वस्त कसं पडायचं?"

ओर्लेईंच्या कागदावर नदी नव्हती.
आजही नाही. उद्या विचारीन म्हणते.
मी होज खेचला, तो जड होता,
वडिलांनी दुसरं टोक धरलं,
दोन्ही हातांनी, बोटं फाकवून,
कंबरेतून किंचित मागे झुकत,
जसं कुणी फेकायच्या आधी
तोलतं.